धाकट्या जावेचा स्वार्थ

मला कुणी शाबासकी दिली की मी आधी विचार करते, याला माझ्याकडून काय पाहिजे असेल. हा स्वभाव चांगला नाही, हे मला सगळ्यांनी सांगून झालंय. नवरा म्हणतो, तुला भाकरी वाढली तरी तू ती उलटून बघशील. बघते. करपलेली बाजू नेहमी खालीच असते.

माझं माहेर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या अंगाला. गावात आठवीपर्यंत शाळा होती. नववीला ओढा ओलांडून दुसऱ्या गावाला जायचं. एक पावसाळा मी गेले. ओढ्याला पाणी आलं की चार-चार दिवस घरी बसायचं आणि पाणी उतरलं की पुढचा धडा डोक्यावरून जायचा. दिवाळीनंतर आई म्हणाली, राहू दे आता. मीही राहू दिलं. पण ते 'राहू दे' माझ्या घशात काट्यासारखं अडकलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

लग्न होऊन शहापूर तालुक्यात आले, किन्हवलीच्या पुढच्या एका गावात. सासू-सासरे आधीच गेलेले. घरात आम्ही नवरा-बायको, दीर आणि धाकटी जाऊ, आणि दोघींची मुलं. चूल एक, जमीन वाटणी न झालेली. नवरा मुरबाडला कारखान्यात जायचा, दीर ट्रॅक्टर चालवायचा. मला गावच्या अंगणवाडीत मदतनिसाचं काम मिळालं. झाडायचं, खिचडी शिजवायची, घरोघर जाऊन पोरं गोळा करायची आणि त्यांची शेंबडी नाकं पुसायची. रजिस्टर, वजनं, गाणी, मीटिंगा हे सगळं सेविकेचं. तिला सगळा गाव 'बाई' म्हणायचा. मला म्हणायचा 'खिचडीवाली'.

एक दिवस बाई म्हणाली, मी दोन वर्षांत रिटायर होतेय. तू सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून दहावी दे. दहावी पास असलीस तर माझी जागा तुला मिळेल, नाहीतर बाहेरची कोणी येईल आणि तू जन्मभर तिच्या हाताखाली खिचडी ढवळशील.

मी घरी येताना वाटभर विचार केला, हिला माझा एवढा कळवळा का? सहा वर्षांत हिनं मला कधी खुर्चीवर बस म्हटलं नव्हतं. आठवड्याभरात उत्तर मिळालं. फॉर्म भरल्याबरोबर तिनं वजनाचं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. म्हणाली, लिहीत जा, लिहायची सवय होईल. मग लसीकरणाचं आलं, मग हजेरीचं. कुठंतरी पाणी मुरतंय हे मला वाटलंच होतं. तरी मी लिहिलं, कारण खरंच सवय होत होती.

नवऱ्याची तऱ्हा वेगळी. त्यानं फॉर्मवर सहीला पेन दिलं आणि म्हणाला, "नापास झालीस तरी मी काय बोलणार नाय." त्याच्या मते हे प्रेम होतं. मी त्या वाक्यावर आठ दिवस जळत होते. म्हणजे यानं आधीच मला नापास धरलं. बीजगणिताचं पुस्तक मी पहिल्यांदा उघडलं ते त्या रागात. वर्ग समीकरण कशाशी खातात हे मला माहीत नव्हतं, पण या माणसाला माफ करायची संधी द्यायची नाही हे पक्कं होतं. लोक म्हणतात, घरच्यांच्या पाठिंब्यानं माणूस पुढं जातो. माझ्या बाबतीत निम्मा रस्ता मी घरच्यांना खोटं पाडायला चालले.

उरलेला निम्मा रस्ता धाकट्या जावेचा.

ही माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, सातवी शिकलेली, कामाला वाघीण आणि तोंडाला तिखट. आम्ही दोघी नळावरून भांडलो होतो, सरपणावरून भांडलो होतो, एकदा तर एका कोंबडीवरून महिनाभर अबोला होता. आणि मी फॉर्म भरला त्या दिवसापासून ही बदलली. सकाळी मी उठायच्या आत पाणी भरलेलं. संध्याकाळी मी भांड्यांना हात लावला की म्हणायची, ताई, तुमी वाचायला बसा. माझ्या मुलीची वेणी ती घालायची. माझ्या वाटणीचं सारवण ती करायची. शेजारणी म्हणायला लागल्या, जाऊ असावी तर अशी.

मला झोप लागेना. कोंबडीसाठी महिनाभर न बोलणारी बाई फुकट माझी भांडी घासेल? मी परीक्षा घेतली. मुद्दाम दोन दिवस कपडे भिजवून तसेच ठेवले. तिनं धुतले, वाळवले, घड्या घातल्या, वर एक शब्द नाही. तेव्हा माझी खात्रीच झाली की हिचा डाव मोठा आहे. मी पुस्तकात तोंड घालून बसेन आणि इकडं घर, चूल, कणगी सगळं हिच्या हाताखाली जाईल, असा माझा हिशेब होता. उद्या वाटणीची वेळ आली तर गाव साक्ष देईल की हे घर धाकटीनं चालवलं. म्हणून मी दुप्पट अभ्यास केला. लवकर पास होऊ आणि लवकर घर परत ताब्यात घेऊ, एवढंच डोक्यात. भूगोलाचे नकाशे काढताना माझं एक लक्ष कायम स्वयंपाकघरातल्या आवाजांकडं असायचं.

मार्चमध्ये पेपर सुरू झाले. आमच्याकडं तेच दिवस राबाचे. भाताची रोपं जिथं करायची, त्या तुकड्यावर शेण पसरायचं, त्यावर झाडांचा टहाळ, त्यावर गवत आणि सगळ्यात वर बारीक माती. मग वारा पडलेला बघून, वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं. वर माती असली की ते भडकत नाही, दिवसभर धुमसत राहतं, जमीन भाजून निघते आणि रोप तरारून येतं. हे काम बायकांचं. डोक्यावर टहाळाचे भारे आणून मान मोडते. त्या वर्षी माझ्या वाटणीचे भारेही धाकटीच आणत होती आणि मी ते खिडकीतून बघत होते.

गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी मला दिसलं की तिनं राब उंबराजवळच्या तुकड्यात घातलाय. तो तुकडा आमच्या जमिनीतला सगळ्यात चांगला, विहिरीला लागून. आमचा राब आजवर वरच्या माळावर असायचा. वाटणी झाली की उंबराजवळचं थोरल्याला जाणार, असं सासरे बोलून गेले होते, पण ते तोंडी. आणि आमच्या भागात सातबारा काहीही म्हणो, तुकडा कुणाचा हे गाव राबावरून ओळखतो. ज्यानं तिथं राब भाजला, त्यानं तिथं पेरलं. चार पावसाळे असं झालं की पुढं कुणी विचारत नाही. मी एवढा विचार करत होते ना हिचा डाव काय, तो हा. आयत्या बिळावर नागोबा.

नवऱ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, पेपर होऊ दे. म्हणून त्याला सांगितलंच नाही.

सकाळी अंघोळ केली, हॉलतिकीट पिशवीत घातलं, देवाला नमस्कार केला आणि देवापुढची काडेपेटी उचलली. बस साडेआठची. मी आठच्या आधीच निघाले. धाकटी म्हणाली, ताई, लवकर निघालात ते बरं केलंत. मी मनात म्हटलं, बरं केलं की नाही ते तुला कळेलच.

उंबराजवळ गेले. राब अर्धवट होता. शेण, टहाळ, गवत झालं होतं, वरची माती राहिली होती. भोवतालचं गवतही अजून खरवडलेलं नव्हतं. मी शेतकऱ्याच्या पोटची, शेतकऱ्याच्या घरात दिलेली. अशा राबाला काडी लावू नये हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत. पण मला राब भाजायचा नव्हताच. मला तो मी भाजला हे गावाला दाखवायचं होतं. मी काडी ओढली. वारा कुठून येतोय हेही बघितलं नाही.

माती नसलेला राब धुमसत नाही, भडकतो. क्षणात ज्वाळा माझ्या छातीपर्यंत आल्या. मी मागं सरकले तोवर आग बांधावरच्या वाळल्या गवतात शिरली होती. बांधाच्या पलीकडं शेजाऱ्यांचा वर्षभराच्या पेंढ्याचा ढीग. तो पेटला असता तर त्यांची जनावरं पावसाळ्यात उपाशी राहिली असती आणि आम्हाला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी पिशवी फेकली, करंजाची ओली फांदी मोडली आणि झोडपायला लागले. एका जागी विझवावं तर दुसरीकडं पेटायचं. साडीचा काठ करपला. तिकडं रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला, बस थांबली आणि गेली. मी रडत रडत झोडपत होते.

धूर बघून धाकटी धावत आली. तिनं दुसरी फांदी मोडली आणि ती पेंढ्याच्या बाजूनं उभी राहिली. चार फटके मारून ओरडली, "ताई, तू जा. वर रोडला जीप मिळेल."

एरवी मला 'तुमी' म्हणणारी त्या दिवशी 'तू'वर आली होती.

आणि बघा माझा स्वभाव. पेपर हातचा चालला होता, वर्ष चाललं होतं, समोर आग होती, तरी माझ्या मनात आलं, ही मला इथून का घालवतेय? मी म्हणाले, मी गेले की राब तुझा होईल, उंबराजवळचा तुकडा तुझा होईल, ते मला दिसत नाही का?

तिनं फांदी खाली केली. काजळी लागलेलं तोंड पदरानं पुसलं. मग म्हणाली, "राबाचं काय घेऊन बसलीस? तू सेविका झालीस तं तुझी मदतनिसाची जागा मोकळी व्हते. ती मला पायजे. सातवीवर मला दुसरं कोण घेनार? त्याच्यासाठी वरीसभर तुझी भांडी घासते. नायतर मला काय तुझा पुळका आलाय? जा आता. माझं वरीस फुकट घालवू नको."

मी तिच्याकडं बघितलं आणि ती या घरात आल्यापासून पहिल्यांदा माझा तिच्यावर विश्वास बसला. प्रेमावर माझा बसला नसता. पुण्यावर तर नाहीच. पण हे मला समजलं, नीट, आरपार समजलं. मी पिशवी उचलली आणि पळाले.

बराच वेळ थांबल्यावर जीप मिळाली, दोन माणसांच्या मधे अर्धी बसून शहापूरला पोचले. वर्गात पेपर वाटून झाले होते. वर्गावर देखरेखीला असलेल्या मॅडमनी घड्याळ बघितलं, माझे काळे हात बघितले आणि पेपर दिला. माझ्या पहिल्या पानावर काजळीची बोटं उमटली. पंधरा वर्षांच्या पोरींमध्ये मी ती समीकरणं सोडवली, आणि प्रत्येक गणिताला मला वाटत होतं की मागं फांदी घेऊन कुणीतरी उभं आहे.

संध्याकाळी परत आले तर आग विझलेली होती. पेंढा वाचला होता. राबाची मात्र नुसती राख झाली होती आणि तीही वाऱ्यानं उडवून नेली होती. धाकटी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा भारे आणायला लागली, या वेळी वरच्या माळावर. मी विचारलं, उंबराजवळ का घातला होतास? म्हणाली, दोघींचं काम एकटीनं करायचं तर जवळ बरं पडतं, म्हणून. एवढंच होतं ते.

पुढचे दोन-तीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात हलके गेले. आता घरात कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. ती उघड सांगायची, इंग्रजीत गेलीस तर बघ. मीही तिला अंगणवाडीत न्यायला लागले. खिचडीचं माप, लहान पोराला वजनकाट्यात कसं बसवायचं, कुठल्या घरची पोरं दारात जाऊन ओरडल्याशिवाय येत नाहीत, सगळं दाखवलं. पोरं तिच्या अंगावर चढायची. माझ्या अंगावर कधी कुणी चढलं नव्हतं. मला वाटायचं, माझ्यापेक्षा ही चांगली मदतनीस होईल, आणि हा विचार करताना मला राग आला नाही याचं मलाच नवल वाटायचं.

जूनमध्ये निकाल लागला. पास झाले, गणितात काठावर. नवरा पेढे घेऊन आला. धाकटीनं पेढा खाल्ला आणि बोटांवर मोजलं, बाई रिटायर व्हायला अजून किती महिने राहिले ते.

जुलैत शहापूरला मीटिंग होती. बाई आणि मी दोघी गेलो. तिथं सुपरवायझर मॅडमनी सांगितलं की नवा नियम आलाय. जुन्या मदतनीस दहावीवर सेविका होतील, त्यांना सवलत आहे, पण इथून पुढं नवीन मदतनीस घ्यायची तर तीही बारावी पास लागेल. मी मागून विचारलं, आणि सातवीवाल्या? मॅडम म्हणाल्या, आता नाही हो. चांगल्या मनानं म्हणाल्या.

बसमध्ये मी ठरवलं, घरी गेल्या गेल्या सांगायचं. तिनं हे सगळ्यात आधी ऐकायला पाहिजे, आणि माझ्याच तोंडून.

घरी कुणी नव्हतं. ती आवणीला गेली होती, भात लावायला. आमच्या गावात आवणी एकमेकांकडं हात देऊन होते. प्रत्येक घरातून ठरल्या बायका जातात, आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. आमच्या घराचे दोन हात धरलेले, एक माझा आणि एक तिचा. मला तर सेविकेच्या अर्जासाठी रहिवासी दाखला, शाळेचा दाखला, फोटो, झेरॉक्स असं करत रोज शहापूर गाठावं लागत होतं. म्हणून ती दोन्ही हातांचं करत होती. सकाळी तिच्या नावानं, दुपारनंतर माझ्या नावानं. मी बांधावर गेले. ती गुडघाभर चिखलात वाकलेली, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. मला बघून तिनं विचारलं, काय झालं मीटिंगमध्ये?

मी म्हणाले, काही नाही, नेहमीचंच.

का म्हणाले? मला माहीत आहे का म्हणाले. सांगितलं असतं तर ती सरळ उभी राहिली असती, हात धुतले असते आणि घरी आली असती. तिचं चुकलं नसतं. मग माझा हात कुणी दिला असता? आमचे हात थांबले की बाकीच्या घरांनी आमच्या शेतात येणं थांबवलं असतं. आवणी रखडली असती, नाहीतर माझे कागद रखडले असते. म्हटलं, आमच्या शेताची पाळी होऊन जाऊ दे, मग सांगते. ती झाली. मग म्हटलं, दाखला हातात येऊ दे. तो आला. मग म्हटलं, सणासुदीला कशाला. तीन आठवडे ती माझ्या नावानं चिखलात वाकली, आणि घरी आल्यावर मी तिच्या पायांना तेल लावून दिलं. ती लाजली. म्हणाली, ताई, तुमी कशाला? चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, हिला कळलं.

गणपतीनंतर बाई रिटायर झाली. मला सेविकेची ऑर्डर मिळाली. चार दिवसांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मदतनिसाच्या जागेचा कागद लागला. धाकटी सकाळीच नवी साडी नेसून, सातवीचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून गेली. मी तिला थांबवलं नाही. ती जाईपर्यंत मी पीठ मळत होते आणि ती गेल्यावरही बराच वेळ मळतच राहिले.

तासाभरानं ती आली. उंबरठ्यावर बसली. पिशवी मांडीवर. मला म्हणाली, "ताई, तुमाला कवा कळलं?"

मी म्हणाले, "आजच. तुझ्याबरोबरच."

मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिले. माझ्याकडं उत्तरं तयार होती. मीटिंगला काय झालं विचारलं तर हे सांगायचं, बाई काही बोलली का विचारलं तर ते. तिच्या जागी मी असते तर तारखा विचारल्या असत्या, वार विचारले असते, बाईच्या घरी जाऊन खातरजमा केली असती. तिनं यातलं काही केलं नाही. ती म्हणाली, "बरं. तुमचं तरी झालं." आणि साडी बदलायला आत गेली.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. बाई गावातच राहते. ती त्या मीटिंगला माझ्या शेजारी बसली होती आणि धाकटीची न् तिची रोज नळावर भेट होते. धाकटीला कळलं असेल का, हे मी तिच्या चेहऱ्यावर रोज शोधते. ती माझ्याशी सरळ बोलते, भांडतेसुद्धा पहिल्यासारखी. मी तिला म्हटलं, तूही फॉर्म भर, मी शिकवते. ती म्हणाली, मला शाळा नको होती ताई, मला काम पाहिजे होतं.